रिपोर्ट नॉर्मल, खाज तशीच

त्वचेच्या तक्रारीचं कारण सापडेना झालं की आपल्याकडे ठरलेला प्रवास सुरू होतो. आधी ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जाचं पाणी. मग ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसूल चोळणं. मग मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब. मग वांगं, मासे, शेंगदाणे, दही, सगळं बंद. शेवटी रक्ताची भलीमोठी तपासणी, आणि तिच्या प्रत्येक ओळीपुढे ‘नॉर्मल’. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्याच्या अंगाची आग होते आहे, त्याला मात्र आता आपल्यावर कोणी विश्वास ठेवेल की नाही, अशी शंका यायला लागते.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा नसतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की शोध चुकीच्या जागी चालला होता. त्वचेच्या तक्रारीचं मूळ रक्तात सापडण्यापेक्षा दोन साध्या प्रश्नांत सापडण्याची शक्यता जास्त असते: शरीरावर नेमकं कुठे होतं, आणि नेमकं किती वेळाने होतं?

त्याआधी एक वाटणी करून घेऊ. ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी मावतात. एकीत त्वचा लाल, खरखरीत होते, कधी पाणी सुटतं. म्हणजे इसबाचा प्रकार. दुसरीत गांधी उठतात आणि काही तासांत मागमूस न ठेवता जातात. तिसरीत दिसत काहीच नाही, नुसती खाज. आणि चौथीत खाजही नाही. झोंबतं, जळजळतं, कधी कपड्याचा नुसता स्पर्श सहन होत नाही. चौघींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपली तक्रार यातली कोणती हे ठरवता आलं तरी बरंच काम होतं.

कुठे?

पहिल्या प्रकारात, म्हणजे लाल, खरखरीत चट्ट्यांत, एक मोठा वाटा असतो स्पर्शातून येणाऱ्या अ‍ॅलर्जीचा. त्यात शरीर स्वतःच नकाशा काढून देतं.

कानाच्या पाळ्या, बेंबीखाली जीन्सचं बटण टेकतं ती जागा, मनगटावर घड्याळाचं बक्कल: इथे चट्टे असतील तर पहिला संशय निकेल या धातूवर. इमिटेशन दागिन्यांत ते सर्रास असतं. पायाच्या पाठीवर हवाई चपलेच्या पट्ट्याचा हुबेहूब ‘व्ही’ उमटला असेल, तर रबर टिकाऊ करायला वापरलेली रसायनं. चामड्याच्या चपलेखाली होत असेल, तर चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम. हेच क्रोमियम सिमेंटमध्येही असतं, म्हणून गवंडीकाम करणाऱ्यांचे हात वर्षानुवर्षं फुटत राहतात. युरोपने २००५ पासून सिमेंटमधल्या या घातक क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली आणि त्यासाठी तिथे सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात.

काखेचं उदाहरण मला फार आवडतं. पुरळ काखेच्या खोलगट भागात असेल तर डिओडरंटकडे बघायचं. खोलगट भाग स्वच्छ आणि पुरळ फक्त कडेला, म्हणजे जिथे कापड घासतं तिथे असेल, तर कपड्याच्या रंगाकडे. दोन बोटांच्या अंतरावर दोन वेगळी कारणं.

स्वयंपाकघरातलं असंच एक: उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्याच तिघांची टोकं कोरडी पडून भेगाळलेली. ‘भांड्याच्या साबणाने झालंय’ असं सगळे म्हणतात. पण साबण दोन्ही हातांना लागतो. डाव्या हाताच्या या तीन बोटांत ती रोज लसूण धरते.

पापण्यांची गोष्ट याहून फसवी. तिथली त्वचा शरीरात सगळ्यात पातळ, म्हणून दुसरीकडे लावलेल्या वस्तूची शिक्षा तिला मिळते. नेलपॉलिश लावलेल्या नखांना काही होत नाही. त्या हाताने डोळे चोळले की पापण्या सुजतात. केसांच्या डायचंही तसंच. डाय डोक्याला, सूज पापण्यांना आणि कानामागे.

आणि पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, मानेच्या बाजू, कोपराच्या घड्या असं एकदम झालं, तर हवेतून येणाऱ्या वस्तूचा विचार करावा लागतो. उन्हाच्या अ‍ॅलर्जीत हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा सहसा वाचते, इथे वाचत नाही. आपल्याकडे यातला जुना गुन्हेगार म्हणजे गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यातून त्याची नोंद झाली, पुढे ते देशभर पसरलं, आणि सत्तरच्या दशकात त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्णही पुणे परिसरातून वैद्यकीय नियतकालिकांत आले. त्याच्या वाळलेल्या पानाफुलांचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो. शेतात पाऊल न टाकणाऱ्यालाही तो गाठतो. शेवंती आणि सूर्यफूल त्याच कुळातले. म्हणून गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना पूजेच्या शेवंतीचाही त्रास होतो.

किती वेळाने?

कारण सापडत नाही त्यामागे बहुतेक वेळा ही वेळेची गफलत असते.

स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीत एखादं रसायन त्वचेत शिरतं, तिथल्या पेशी ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात, आणि तिथे त्या रसायनाला ओळखणाऱ्या टी-पेशींची (शरीराच्या संरक्षक पेशींची) फौज तयार होते. या पहिल्या फेरीला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात आणि त्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. पुढे तेच रसायन पुन्हा लागलं की पुरळ येतं, पण तेही लगेच नाही. एक ते तीन दिवसांनी.

आता बघा काय होतं. शनिवारी केसांना डाय लावला. रविवारी रात्री कोळंबी खाल्ली. सोमवारी कपाळ आणि कान सुजले. कोळंबी घरातून हद्दपार होते, डाय पुढच्या महिन्यात पुन्हा लागतो. मग पुन्हा सूज, आणि या वेळी वांग्याचा नंबर.

‘पण मी वीस वर्षं हाच डाय वापरतेय, आजवर काही झालं नाही,’ हे वाक्य प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने ऐकलेलं असतं. त्याने डाय निर्दोष ठरत नाही. अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, ती संपर्कातून घडते; वीस वर्षांनीही घडू शकते आणि एकदा घडली की सहसा जन्मभर राहते. डायमधलं पीपीडी नावाचं रसायन यात आघाडीवर. लग्नसराईतल्या झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही तेच मिसळलेलं असतं, कधी डायपेक्षाही जास्त प्रमाणात. एखाद्या मुलीच्या हातावर मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड येतात, आणि पुढे पंचविशीत पहिल्यांदा डाय लावल्यावर तिचं तोंड का सुजलं हे कोणालाच कळत नाही.

अ‍ॅलर्जी आणि नुसती चुरचुर यांतही फरक आहे. अळू चिरताना हात खाजतात ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. तिथे शरीराच्या आठवणीचा प्रश्न नाही, कोणालाही खाजेल आणि लगेच खाजेल. बिब्बा दोन्ही करतो. त्याचं तेल त्वचा थेट भाजतं, आणि बिब्बा उतलेल्या काही जणांना त्याची अ‍ॅलर्जीही जडते. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. म्हणून काजूच्या टरफलाचं तेल किंवा बिब्बा कधी बाधलेल्या माणसाला आंबा चोखून खाल्ल्यावर ओठांभोवती पुरळ येऊ शकतं. दोष बहुतेक वेळा सालीचा आणि चिकाचा असतो, गराचा नाही. दुसऱ्या कोणी साल काढून फोडी दिल्या तर अनेकांना आंबा सोसतो, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

पाठीवरची चाचणी

या प्रकारच्या अ‍ॅलर्जीचा पुरावा रक्तात मिळत नाही. ती त्वचेवरच बघावी लागते. त्या चाचणीला पॅच टेस्ट म्हणतात. जोसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये मांडली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. संशयित रसायनांचे इवलेसे ठिपके छोट्या वाट्यांत भरून पाठीच्या वरच्या भागावर चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून पहिलं वाचन, आणि आणखी एकदोन दिवसांनी दुसरं. हे दुसरं वाचन टाळू नका. खरी अ‍ॅलर्जी दुसऱ्या वाचनात बळावते, नुसती चुरचुर उतरते. मलमांतल्या निओमायसिन या अँटिबायोटिकसारखी काही रसायनं तर त्याहूनही उशिरा उमटतात. भारतासाठी वेगळा संच मिळतो, त्यात निकेल, क्रोमियम, पीपीडी, सुगंधी द्रव्यं, गाजर गवत ही मंडळी असतात.

पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात हे जमवणं कठीण, तेव्हा जमल्यास थंडीत करावी. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगावं आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. आपण वापरत असलेली क्रीम, तेल, कुंकू, टिकल्यांचं पाकीट सोबत न्यावं. कुंकवातले कृत्रिम रंग आणि टिकलीचा गोंद हे आपल्या भागातले नेहमीचे संशयित. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर कायमचा पांढरा डागही पडू शकतो.

चाचणी लगेच शक्य नसेल तर अंगाला लावून तशाच ठेवायच्या क्रीम-लोशनपुरता एक घरगुती उपाय आहे. संशयित वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठ्या जागेवर, दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावायची. पुरळ आलं तर थांबायचं, उत्तर मिळालं. साबण, शाम्पू, डाय यांच्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

डब्यावरच्या शब्दांवर फार विसंबू नये. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (म्हणजे अ‍ॅलर्जीचा धोका कमी असलेलं) या शब्दाला नियमात बसवण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये केला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे त्या शब्दाचा अर्थ उत्पादक ठरवेल तो. ‘नैसर्गिक’चंही तेच. गाजर गवताइतकं नैसर्गिक दुसरं काय असणार?

गांधी, आमसूल आणि पेन

अंगावर पित्त उठतं ही वेगळी गोष्ट, आणि तिची वेळही उलटी. इथे त्वचेतल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशी हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन सोडतात आणि काही मिनिटांत गांधी उठतात. प्रत्येक गांध २४ तासांच्या आत जाते, दुसरीकडे नवी येते. खात्री करायची तर एका गांधीभोवती पेनने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रेघेच्या आतली गांध तिथेच असेल, दुखत असेल किंवा काळसर डाग ठेवून गेली असेल, तर हे साधं पित्त नाही. रक्तवाहिन्यांना सूज आहे का हे बघायला त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

आमसुलाला यश का येतं तेही यातच आहे. थंड, ओलं काही लावल्याने बरं वाटतं, आणि गांध तशीही काही तासांत जाणारच असते. लावा, बिघडत काही नाही.

सहा आठवड्यांहून जास्त काळ चालणारं पित्त जुनाट धरतात. यात अन्न हे कारण फार क्वचित असतं, हे लोकांना पटत नाही आणि त्यांचं पथ्य वाढत वाढत वरणभातावर येऊन थांबतं. बऱ्याच रुग्णांत शरीरानेच स्वतःच्या मास्ट पेशींना डिवचणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केलेली असतात; बाहेरून काही यावं लागत नाही. थंडी, घाम, घट्ट पट्ट्याचा दाब, नखाने ओढलेली रेघ यांनी उठणारं पित्त वेगळं, आणि ते दवाखान्यात जागच्या जागी करून बघता येतं. थंडीने गांधी उठत असतील तर विहिरीत किंवा नदीत एकदम उडी मारू नका; अंगभर हिस्टामिन सुटून शुद्ध हरपू शकते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांनीही काहींचं पित्त भडकतं.

इथे रक्ताच्या ‘अ‍ॅलर्जी पॅनेल’बद्दल बोलायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे जातात. ही चाचणी आयजीई प्रकारची प्रतिपिंडं मोजते. आकडा वाढलेला असणं म्हणजे शरीराने ती वस्तू ओळखली आहे, इतकंच. ती वस्तू तुम्हाला बाधते असा त्याचा अर्थ होत नाही. स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीशी तर या चाचणीचा संबंधच नाही. आणि शंभर-दोनशे पदार्थांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी करून यादी हातात देणाऱ्यांपासून दूर राहा. आयजीजी वाढतं ते आपण तो पदार्थ खातो म्हणून. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही चाचणी अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी वापरू नये असं सांगितलं आहे.

दिसत काहीच नाही तेव्हा

पुरळ नसलेली, आठवडेच्या आठवडे चालणारी अंगभर खाज असेल, तर रक्ततपासणी खरंच कामाची आहे. लोहाची कमतरता, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृतात तुंबलेलं पित्त, हे सगळं खाजेच्या रूपाने आधी बोलू शकतं. गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच खाज सुटत असेल तर रक्तपेशी प्रमाणाबाहेर वाढण्याचा एक आजार असू शकतो. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, त्याचा सुगावा लागतो. खाजेसोबत वजन घटणं, रात्री घामाने भिजणं, ताप, डोळे पिवळे होणं यातलं काही असेल तर उशीर नको. मात्र रात्री खाज वाढते आणि घरात दुसऱ्यालाही सुटली आहे, तर रिपोर्ट बाजूला ठेवून बोटांच्या बेचक्या, मनगटं आणि कंबर नीट बघायला सांगा. ती बहुधा खरूज असते, आणि सुशिक्षित, टापटीप घरांत ती महिनोन्‌महिने ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून खपते. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावल्याशिवाय ती हटत नाही.

मग उरते मज्जातंतूंची खाज. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, हात पोचत नाही नेमक्या त्या जागी वर्षानुवर्षं खाजणारा ठिपका बहुधा त्वचेचा आजार नसतो. मणक्यातून निघणारी नस तिथे दबलेली किंवा चिडलेली असते. दंडाच्या आणि पुढल्या हाताच्या बाहेरच्या बाजूला तसंच होतं, ऊन लागलं की वाढतं, आणि त्याची खूण अशी की बर्फाखेरीज कशानेही थांबत नाही.

अशा खाजेवर नेहमीची अ‍ॅलर्जीची गोळी का चालत नाही, हे खाजकुइलीने शिकवलं. तिच्या कुसांमधलं म्युक्युनेन नावाचं प्रथिन हिस्टामिनला हातही न लावता त्वचेतल्या वेगळ्या तंतूंना थेट चेतवतं. खाजेचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत, हे खाजकुइलीच्या कुसा स्वयंसेवकांच्या हातावर टोचून प्रयोगशाळेत सिद्ध झालं. अ‍ॅलर्जीची गोळी त्यातली हिस्टामिनची एकच वाट अडवते. गोळीने फरक पडला नाही हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी माहिती आहे.

तळपायांची आग, चादरीचा स्पर्श टोचणं हेही तंतूंचंच काम. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता आधी तपासतात. नर्व्ह कंडक्शनची चाचणी जाड तंतू मोजते. बारीक तंतू बिघडले असतील तर ती साफ नॉर्मल येते. त्यासाठी घोट्याच्या वरून तीन मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजावे लागतात.

चेहरा आणि ती ट्यूब

‘काहीही लावलं तरी चेहरा झोंबतो’ अशी तक्रार आली की मी आधी विचारते, गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी कोणती ट्यूब वापरलीत? आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या ट्यूब वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकून चिठ्ठी सक्तीची केली, तरी काउंटरवर मागितली तर मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते, लाल होते, आणि ट्यूब थांबवली की भडका उडतो. म्हणून ती पुन्हा लावली जाते. हे चक्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे आग सोसूनच तुटतं. नायट्यावर हीच ट्यूब लावली की खाज थांबते आणि नायटा आत पसरत राहतो, ते वेगळंच.

कारणाचा शोध चालू असतो तेव्हाही त्वचा सांभाळावीच लागते. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत आंघोळ, वजरी आणि घासणी बंद. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. तेव्हा साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. अंगाला लागणाऱ्या वस्तू दोनतीनवर आणा आणि मग एकेक परत आणा, मध्ये निदान आठवडा सोडून. पुरळ दिसेल तेव्हा फोनवर फोटो काढा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ते हमखास गेलेलं असतं. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, तर फोटोही नको; सरळ इमर्जन्सीत.

आणि कधी कधी सगळं करून कारण सापडत नाही. जुनाट पित्तात तर हे नेहमीचंच. वैद्यकशास्त्र त्याला ‘आपोआप होणारं’ असंच नाव देतं. तिथे डॉक्टरांना ‘कशामुळे?’ असं पुन्हा पुन्हा विचारण्यापेक्षा ‘आता डोस किती आणि किती दिवस?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. झोप न आणणाऱ्या नव्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या रोज, खाज असो-नसो, घ्यायच्या असतात; एका गोळीने भागलं नाही तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने चौपटीपर्यंत वाढवतात, आणि त्यानेही नाही झालं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. पथ्य सोडून द्यायला हरकत नाही. बहुतेकांचा हा आजार एक ते पाच वर्षांत आपणहून विरतो, म्हणून दर काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी कमी करून बघायची.